उतारावरचा तेरडा

एप्रिल महिन्यात पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटाचा खालचा टप्पा पाहिला, तर इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं यावर विश्वास बसत नाही. गवत करपलेलं असतं, वणव्याने उतारांवर काळे पट्टे ओढलेले असतात आणि वरच्या काही वाड्यांना पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. पडलेला पाऊस पडला तसा सावित्रीत आणि सावित्रीतून समुद्रात गेलेला असतो. बसाल्टच्या खडकावर इथे माती मुळात पातळ. ती पाणी धरून ठेवणार किती? जांभळासारख्या ज्या झाडांची मुळं खडकाच्या भेगांत खोल उतरली आहेत ती तेवढी हिरवी. बाकीचं रान एक तर झोपलेलं, नाही तर मेलेलं.

ऑगस्ट संपता संपता याच उतारावर तेरडा फुललेला असतो. रस्त्याकडेच्या चरापासून वरकस जमिनीच्या बांधापर्यंत गुडघ्याएवढी, कुठे मांडीएवढी रोपं, आणि पानांच्या बगलेत गुलाबी-जांभळी फुलं. जूनच्या आधी यातलं एकही रोप जमिनीच्या वर नव्हतं आणि डिसेंबरात एकही राहणार नाही. अशा वनस्पतींना शास्त्रात वर्षायू म्हणतात, पण तेरड्याचा सगळा संसार चार-पाच महिन्यांत आटपतो. उरलेला काळ तो मोहरीपेक्षा जरा मोठ्या, तपकिरी, खरबरीत बियांच्या रूपात कोरड्या मातीत पडून काढतो.

इतकं पाणी आणि इतकी तहान एकाच जागी असेल तर लहान वनस्पतीपुढे वाटा फार नसतात. काही जाती जमिनीखाली कंद ठेवतात, रानहळद तशी. काही जाती मुळं खोल सोडतात. तेरडा यातलं काहीच करत नाही. तो कोरड्या ऋतूशी झगडायला उभाच राहत नाही. पाऊस असेपर्यंत जगायचं, पाऊस सरायच्या आत बी टाकायचं आणि मरून जायचं, हा त्याचा हिशोब. त्याचं रसरशीत खोड, त्याचं तिरपागडं फूल, हात लावताच फुटणारं बोंड या सगळ्या गोष्टी या हिशोबाच्या नजरेने पाहिल्या की उलगडत जातात. म्हणून तेरड्याचं रूप एका प्रकरणात आणि त्याची राहण्याची जागा दुसऱ्या प्रकरणात, अशी वाटणी मी केलेली नाही.

महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके त्यासाठी सोयीचे आहेत. महाड शहर समुद्रसपाटीपासून थोड्याच मीटर उंचीवर आहे. बाणकोटच्या खाडीची भरती त्याच्या जवळपर्यंत येते, म्हणूनच एके काळी ते बंदर होतं. तिथून पोलादपूर आणि पुढे सुमारे ४० किलोमीटरच्या घाटरस्त्याने महाबळेश्वर, तेराशे मीटरच्या वर. सावित्री हेच अंतर उलट्या दिशेने उतरते. म्हणजे एकाच दिवसात खाडीच्या टोकापासून साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या माथ्यापर्यंत जाता येतं, आणि वाटेत तेरडा कुठे सुरू होतो, कुठे दाटतो आणि कुठे आपल्या भाऊबंदांना जागा देतो ते डोळ्यांनी पाहता येतं.

आता रोप. तेरड्याचं खोड जाड, मांसल, अर्धपारदर्शक, बहुतेकदा लालसर झाक असलेलं. खालची पेरं फुगीर. त्यात लाकूड जवळजवळ नाही. ते उभं राहतं ते पेशींत भरलेल्या पाण्याच्या दाबावर. पावसाने दोन दिवस उघडीप दिली आणि भाद्रपदातलं चटका देणारं ऊन पडलं, की दुपारी सगळी रोपं माना टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतात. शाळेत शिकलेल्यांना हे खोड दुसऱ्या कारणाने आठवेल. मुळासकट धुतलेलं तेरड्याचं रोप लाल शाईच्या पाण्यात ठेवायचं आणि खोडातून चढत जाणाऱ्या लाल रेषा पाहायच्या, हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दुसऱ्या कुठल्या सामान्य रोपात पाण्याच्या वाटा इतक्या उघड्या दिसत नाहीत.

असं खोड बांधायला स्वस्त पडतं. लाकूड तयार करायला वेळ लागतो आणि वेळच तर तेरड्याकडे नाही. जूनच्या पहिल्या सरींनंतर उगवलेलं रोप ऑगस्टमध्ये फुलावर येतं. या वेगाची किंमत म्हणजे पाण्याशिवाय ते उभं राहू शकत नाही.

पानं एकाआड एक, लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, कडांना बारीक दाते. पानाच्या देठाजवळ नीट पाहिलं तर बारीक ग्रंथींच्या एक-दोन जोड्या दिसतात. त्यांतून गोड रस पाझरतो आणि त्यासाठी मुंग्या येतात. पानांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तेरड्याच्या साऱ्या कुळाचं हे लक्षण आहे. एवढा बंदोबस्त असूनही काही पतंगांच्या अळ्या हीच पानं खाऊन वाढतात. भाद्रपदात तेरड्यावर शेपटीकडे काटा असलेली, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके मिरवणारी जाडजूड अळी दिसली तर ती बहुधा हॉक मॉथ या जोरकस उडणाऱ्या पतंगांपैकी एकाची. ती विषारी नसते. ठिपके केवळ पाखरांना घाबरवण्यापुरते.

फुलाकडे मात्र सावकाश जायला हवं. लांबून ते साधं गुलाबी फूल दिसतं. तोडून तळहातावर घेतलं की गोंधळ सुरू होतो, कारण नेहमीचं पाच पाकळ्यांचं गणित लागत नाही. वर एक गोलसर पाकळी, तिच्या पाठीवर हिरवी कणा असल्यासारखी रेघ. खाली डावी-उजवीकडे पसरलेले दोन मोठे पंख. मागे नावेच्या आकाराचा एक भाग, आणि त्याच्या टोकातून निघालेली बारीक, वाकडी, पोकळ शेपटी. हा नावेसारखा भाग पाकळीच्या रंगाचा असला तरी पाकळी नव्हे, ते निदल आहे. दोन्ही पंख म्हणजे प्रत्येकी दोन पाकळ्या जुळून झालेली जोडी. म्हणजे पाकळ्या पाचच. चार जुळलेल्या आणि एक सुटी. आणखी दोन छोटी निदलं कडेला चिकटलेली असतात. ती शोधायला नखाचं टोक लागतं.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट दिसत नाही, ती समजून घ्यावी लागते. फूल उमलण्याआधी त्याचा देठ अर्धा वळसा घेतो, त्यामुळे आपण फुलाची जी खालची बाजू म्हणून पाहतो ती खरं तर वरची. शेपटी असलेलं निदल मूळ रचनेत खोडाच्या बाजूला असतं. देठाच्या पिळामुळे ते खाली येतं. म्हणजे तेरड्याचं प्रत्येक फूल उलटं टांगलेलं आहे. ऑर्किडच्या बऱ्याच जातीही हेच करतात. पंख खाली आले की किड्याला उतरायला जागा होते, आणि शेपटीचं तोंड त्याच्या बरोबर समोर येतं.

शेपटीत मध. तिथे पोहोचायला लांब सोंड लागते, म्हणून फुलपाखरं, पतंग आणि लांब जिभेच्या मधमाश्या हे तेरड्याचे खरे गिऱ्हाईक. आखूड जिभेचे काही किडे सरळ मार्ग सोडून शेपटीलाच बाहेरून भोक पाडतात आणि परागांना न शिवता मध पिऊन जातात. थोडा वेळ एका ताटव्याजवळ बसलं की असली भोकं पडलेली फुलं हमखास सापडतात.

समोरून येणाऱ्या किड्याच्या पाठीला काय लागतं, ते फुलाच्या वयावर अवलंबून. तेरड्याचे पाचही पुंकेसर वरच्या बाजूला एकत्र जुळून बीजकोशावर टोपी घातल्यासारखे बसलेले असतात. फूल उमलतं तेव्हा ही टोपी परागांनी भरलेली असते, आणि तिच्याखालचं स्त्रीकेसर झाकलेलं. या काळात फूल फक्त नर. पुढे टोपी सुटून गळून पडते, हिरवं टोक उघडं होतं, आणि त्याच जागी, त्याच उंचीवर आता मादी फूल असतं. किड्याच्या पाठीवरचे पराग नेमके तिथे घासले जातात. एका फुलाचे पराग त्याच फुलाला लागण्याची सोयच ठेवलेली नाही. त्याच रोपावरच्या दुसऱ्या फुलाला मात्र ते लागू शकतात, त्यामुळे बंदोबस्त अर्धाच आहे. एकाच फांदीवर टोपी असलेलं आणि टोपी पडलेलं अशी दोन फुलं शेजारी शेजारी ठेवून पाहिली की हे सगळं एका मिनिटात कळतं. पुस्तकातल्या आकृतीने एवढं कळत नाही.

ही दोन्ही रूपं उरकून फूल गळायला दोन-तीन दिवस लागतात. तेरड्याच्या तीन दिवसांच्या रंगाची म्हण वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने एका फुलाला लागू आहे, रोपाला नाही. फुलं खालच्या पेरापासून वरच्या पेराकडे एकामागून एक उमलत जातात. खाली बोंडं धरलेली, मधे फुलं, शेंड्याला कळ्या, असं तिन्ही एकाच वेळी दिसतं. म्हणून उताराचा रंग महिना-दीड महिना टिकतो. पाऊस कधी थांबेल याचा भरवसा नसताना सगळी फुलं एकदम उधळून टाकण्यापेक्षा ही थोडी थोडी पेरणी शहाणपणाची.

बोंड दोन सेंटिमीटरपर्यंत लांब, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळतं आणि दाट लव असलेलं. ही लव ओळखीची खूण म्हणून लक्षात ठेवावी. तेरड्याच्या पुष्कळ भाऊबंदांची बोंडं गुळगुळीत असतात. बोंडाच्या भिंती पाच पट्ट्यांच्या. बोंड पिकत येतं तसा या पट्ट्यांच्या पेशींत पाण्याचा ताण वाढत जातो आणि शिवणी कमजोर होत जातात. मग एखाद्या थेंबाचा, किड्याचा किंवा बोटाचा स्पर्श पुरतो. शिवणी उसवतात, पट्ट्या आतल्या बाजूला गुंडाळल्या जातात आणि काही सहस्रांश सेकंदांत बिया हातभर, कधी त्याहून दूर फेकल्या जातात. लिनीयसने १७५३ साली या वनस्पतीला इम्पेशन्स बाल्समिना हे नाव दिलं, त्यातला पहिला शब्द या अधीरपणावरूनच आलेला आहे.

उडदाची शेंगही तडकते, पण ती उन्हात वाळून. तेरड्याचं उलटं आहे. त्याचं बोंड फुटायला ओलं असावं लागतं. सुकलेल्या बोंडात तो जोर राहत नाही. म्हणून त्याला पाऊस पुरता संपण्याची वाट पाहून चालत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, खोडात पाणी असतानाच, बी टाकून मोकळं व्हावं लागतं. हातभर अंतरावर पडलेल्या बिया पुढच्या वर्षी तिथेच दाटीने उगवतात, म्हणून तेरडा एकटादुकटा क्वचित, ताटव्याने फार. परतीच्या पावसाच्या सरी काही बिया उताराखाली नेतात. चढाकडे जायचं साधन मात्र त्याच्याकडे फक्त ही उडी.

आता जागा. महाड-पोलादपूर भागात तेरडा शोधायचा तर चार गोष्टी एकत्र असाव्या लागतात: ओली पण पाणी न साचणारी माती, थोडा उतार, अर्धी सावली, आणि नुकतीच कुणीतरी हलवलेली जमीन. भाताच्या खाचरात तो येत नाही, तिथे मुळाशी पाणी उभं असतं. पण त्याच खाचराच्या बांधाच्या उताराच्या अंगाला येतो. दाट जंगलाच्या आत येत नाही, तिथे ऊन पोहोचत नाही. जंगलाच्या कडेला, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना येतो. उघड्या कातळावर येत नाही. पण कातळाच्या पायथ्याशी जिथे माती साठते तिथे येतो. वहाळाच्या काठी, गडग्याच्या आडोशाला, नाचणी-वरीच्या वरकस तुकड्याच्या कडेला, गोठ्यामागच्या चढावर तो हमखास. त्याच्या सोबतीला कुर्डू, टाकळा, कवळा, रानहळद. म्हणजे तेरडा रानफूल खरा, पण माणसाच्या वहिवाटीच्या शेजारचा. कुदळीने, नांगराने, गुरांच्या खुरांनी किंवा पावसाने जिथे गवताचं पांघरूण फाटलं, तिथे त्याला शिरायला वाव मिळतो. बारमाही गवत घट्ट बसलं की तो मागे सरतो.

या भागात जमीन हलवणारा सर्वांत मोठा हात पावसाचा आहे, आणि तो हात किती निर्दय असू शकतो हे इथल्या माणसांना सांगायला नको. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. खडकावरची माती पाणी पिऊन जड होते आणि तिची खडकावरची पकड सुटते. अशा उघड्या पडलेल्या मातीवर पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत येणारं हिरवं बहुतांशी वर्षायू रोपांचंच असतं. इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. उतार हिरवा दिसला म्हणजे तो सावरला असं नाही. तेरड्याची मुळं आखूड आणि वरवरची. रोप दोन बोटांत धरून अलगद उपटता येतं. तो पावसाच्या थेंबाचा मार थोडा अडवेल, दरड धरून ठेवणार नाही. त्यासाठी खोल मुळांची झाडं लागतात आणि त्यांना वर्षं लागतात.

पोलादपूर सोडून घाट चढू लागलं की तेरडा एकटा राहत नाही. इम्पेशन्स ही प्रजाती प्रचंड आहे. जगात तिच्या हजाराहून अधिक जाती आहेत. पश्चिम घाटात शंभराहून जास्त, आणि त्यातल्या बहुतेक पृथ्वीवर दुसरीकडे कुठेही नाहीत. दक्षिणेकडे केरळच्या डोंगरांत त्यांची सर्वाधिक दाटी. तिथे तेरड्याचं फूल ओणमच्या दिवसांतलंच, म्हणून ओणप्पूवू. आपल्या वाट्याला जाती कमी आल्या, पण त्यातल्या काही अगदी आपल्या. महाबळेश्वराच्या बाजूला ओलसर झाडीत पिवळ्या फुलांचा तेरडा भेटतो, तो इम्पेशन्स डालझेली. मुंबई इलाख्यात वनखात्यात काम केलेल्या निकोल डालझेल यांच्या नावाचा. त्यांनी गिब्सन यांच्यासोबत लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ साली आला. पठारांवर, विशेषतः सातारा जिल्ह्यातल्या कासवर, जे गुलाबी गालिचे पाहायला गर्दी उसळते त्यातला एक मोठा वाटा इम्पेशन्स लॉई या वीतभर उंचीच्या जातीचा; हे नाव लॉ नावाच्या सनदी अधिकाऱ्याचं. आणि घाटातल्या पाझरणाऱ्या काळ्या खडकांवर इम्पेशन्स अकॉलिस, ज्याला खोडच नाही. खडकाला चिकटलेली दोन-चार पानं आणि त्यातून सरळ वर आलेला फुलांचा दांडा. याने वर्षायूपणाचा मार्ग सोडलेला आहे. तो शेवाळात छोटा कंद ठेवतो आणि उन्हाळाभर तिथेच झोपून राहतो. एकाच प्रजातीतल्या दोन जातींनी एकाच कोरड्या ऋतूवर काढलेले हे दोन वेगळे तोडगे काही किलोमीटरच्या अंतरात दिसतात. मला घाटातलं सर्वांत मोठं प्रेक्षणीय स्थळ तेच वाटतं. बाकीचे पॉइंट राहिले तरी चालतील.

या जाती ओळखणं सोपं नाही. तेरड्याचं फूल टीपकागदात दाबून वाळवलं की त्याचा लगदा होतो, पंख कुठला आणि शेपटी कुठली तेही कळेनासं होतं. भारताच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ सिद्ध करणारे जोसेफ हूकर आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत याच प्रजातीच्या वाळलेल्या नमुन्यांवर डोळे फोडत बसले होते. १९११ साली वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले, तोवर हे काम सुरूच होतं. म्हणून तेरडा ताजाच पाहावा आणि फोटो काढायचा तर समोरून एक, बाजूने एक आणि बोंडाचा एक असे तीन तरी काढावेत. नुसत्या समोरच्या फोटोवरून भल्याभल्यांना जात सांगता येत नाही.

इथल्या घराघरांत तेरडा येतो तो गौर होऊन. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौर आणायची, ज्येष्ठावर पुजायची आणि मूळ नक्षत्रावर बोळवायची. देशावर मुखवटे असतात, काही घरांत नदीकाठचे पाच किंवा सात खडे. कोकणात अनेक घरांत तेरड्याची जुडीच गौर असते. लेकीसुना पाणवठ्याच्या बाजूला जाऊन तेरडा मुळासकट उपटून आणतात. मुळं म्हणजे गौरीची पावलं, म्हणून ती तोडायची नाहीत. मग तिला साडी नेसवायची, दागिने घालायचे. नव्या सुनेचा ओवसा असेल तर सुपांची गडबड, मुंबईहून आलेले चाकरमानी, रात्री जाखडी. या सगळ्याच्या मधोमध एक रानटी, पाणीदार खोडाचं रोप तीन दिवस उभं असतं.

पंचांग चांद्र आणि पाऊस सौर, त्यामुळे गौर आणि तेरडा यांची गाठ दर वर्षी सारखी पडत नाही. २०२० साली गौर २५ ऑगस्टला आली, २०२३ साली श्रावण अधिक होता म्हणून २१ सप्टेंबरला. ऑगस्टातल्या गौरीला जुडीत कळ्या जास्त, सप्टेंबराच्या शेवटाकडच्या गौरीला बोंडं जास्त. उशिरा आलेल्या गौरीच्या घरात पाटाभोवती बिया सांडलेल्या दिसल्या तर त्याचं कारण हे. रोपाच्या दृष्टीनेही फरक पडतो. उशिरा उपटलेल्या रोपाने खालच्या बोंडांतलं बी आधीच मातीत टाकलेलं असतं. ऑगस्टात मुळासकट निघालेलं रोप बी न ठेवताच जातं. गावातल्या गावात चार-दोन जुड्या निघाल्या तर उताराला त्याचं काहीच वाटत नाही. दादरच्या फुलबाजारात गौरीच्या आदल्या दिवशी जुड्यांचे ढीग लागतात, तिथे जाणाऱ्या मालाची गोष्ट वेगळी. एकाच वहाळाची कड पुन्हा पुन्हा रिकामी होत राहिली तर तिथला ताटवा विरळ होणारच, कारण तेरड्याच्या बिया दुरून उडून येत नाहीत.

तेरड्याचा आणखी एक उपयोग हिंदीतल्या ‘गुलमेहंदी’ या नावात शिल्लक आहे. मेंदीत रंग देणारं जे लॉसोन नावाचं द्रव्य असतं ते तेरड्यातही आहे, आणि त्याच्याच जवळचं बुरशीला मारक असलेलं दुसरं एक द्रव्यही. कोरियात मुली तेरड्याची फुलं-पानं तुरटीबरोबर वाटून नखांना बांधतात. पहिला बर्फ पडेपर्यंत नखांवर रंग टिकला तर पहिलं प्रेम सफळ होतं, असं तिथे मानतात. नख वाढत पुढे सरकतं आणि रंग त्याच्याबरोबर टोकाकडे जातो, म्हणजे ही पैज खरं तर नखाच्या वाढीशी आहे.

रोपवाटिकांत ‘इम्पेशन्स’ म्हणून मिळणारी चपट्या फुलांची कुंडी मात्र आपल्या तेरड्याची नव्हे. ती पूर्व आफ्रिकेतली वॉलेरियाना. आणि तेरड्याच्या कुळाचा खरा पराक्रम पाहायचा तर इंग्लंडच्या नद्यांकाठी. हिमालयातली एक जात, ग्लँड्युलिफेरा, १८३९ साली शोभेसाठी तिकडे नेली. तीही वर्षायूच, पण पुरुषभर उंच होते आणि बिया सात मीटरपर्यंत फेकते. आज ती तिथल्या काठांवरचं हटवता न येणारं तण झाली आहे, आणि तिला आवर घालायला २०१४ पासून हिमालयातूनच शोधलेली तांबेऱ्याची एक बुरशी सोडण्यात येते आहे. घरी, हिमालयात, हीच वनस्पती आपल्या किडी-रोगांच्या धाकात शहाणी राहते. आपल्या तेरड्याच्या पानांवरच्या अळ्या काढून टाकाव्यात का, असं विचारणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो.

आपल्याकडे तेरड्याची अडचण उलटी आहे. महामार्ग रुंद झाला तसे कडेचे मातीचे उतार जाऊन सिमेंटच्या भिंती आणि गटारं आली. बांधावर बेणणी करायला माणूस मिळत नाही म्हणून तणनाशक मारलं जातं, आणि तणनाशकाला बी धरण्याआधीचा वर्षायू म्हणजे सोपं सावज. दोन-तीन वर्षं सलग बी पडलं नाही तर मातीतला साठा आटत जातो. तेरडा दुर्मीळ झालेला नाही आणि लगेच होणारही नाही. पण महाडहून पोलादपूरला हमरस्त्याने जाताना तो पूर्वीसारखा सलग दिसत नाही, हे या वाटेने नेहमी जाणाऱ्या कोणाच्याही ध्यानात येईल.

म्हणून पाहायला जायचं तर हमरस्ता सोडावा. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा उत्तम, कारण कळी, टोपीचं फूल, बिनटोपीचं फूल आणि फुटायला आलेलं बोंड हे सगळं एकाच रोपावर मिळतं. वरंध घाटाच्या पायथ्याला शिवथरघळीकडे जाणारी वाट, उमरठच्या बाजूच्या वाड्या, सावित्रीच्या उपनद्यांचे काठ, कुठेही चालेल. बरोबर दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग असावं. बोंडं फुटताना पाहायची तर सकाळी, दव असताना. फांदीवर कागदी पिशवी सैल बांधून ठेवली तर संध्याकाळी आत किती बिया पडल्या ते मोजता येतं. आंबेनळीच्या वळणांवर मात्र फुलं कितीही दाट दिसली तरी गाडी थांबवू नये. सप्टेंबरातही तिथे वरून दगड येतात, आणि तीच फुलं खालच्या वाडीच्या वाटेवर भरपूर असतात.